पोर्टेबल एसीची गळती: टेप कुठे लावायची आणि कुठे अजिबात नाही

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसतो, सोसायटी बाहेर युनिट टांगू देत नाही, किंवा वर्षभरात घर बदलायचंच असतं. मग चाकांवरचा पोर्टेबल एसी घरात येतो आणि एप्रिल उजाडला की तक्रार सुरू होते: "एक टनाचा आहे म्हणाले होते, पण खोली काही गार होत नाही." मशीन बिघडलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा गरम हवा अर्ध्या वाटेवरून खोलीत परत शिरत असते, आणि खिडकीच्या फटीतून बाहेरचं ऊन आत ओढलं जात असतं. दोन्हीवर उपाय आहे, तोही ड्रिल न लावता आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार नाहीत अशा बेताने.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. दिसेल त्या फटीवर टेप मारत सुटायचं नाही. काही फटी पहिल्या दिवशी बुजवायच्या, काहींकडे दुर्लक्ष करायचं आणि एक फट मुद्दाम उघडी ठेवायची. कोणती कुठली, हे कळायला मशीनमध्ये हवा कशी फिरते ते थोडं बघावं लागेल.

हवा कुठून येते, कुठे जाते

आपल्याकडे मिळणारे बहुतेक पोर्टेबल एसी एका पाइपचे असतात. आत दोन पंखे असतात. एक पंखा खोलीतली हवा गार कॉइलवरून नेऊन पुन्हा खोलीत सोडतो. दुसरा पंखाही खोलीतलीच हवा घेतो, पण ती गरम कॉइलवरून ओढून पाठीमागच्या जाड पाइपातून खिडकीबाहेर फेकतो. म्हणजे वीज जाळून गार केलेल्या हवेतला एक हिस्सा सतत बाहेर जातो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत साधारण तीस-बत्तीस घनमीटर हवा मावते. मशीन तासाला काहीशे घनमीटर बाहेर टाकतं. जेवढी गेली तेवढी कुठून तरी आत येणारच: खिडकीच्या फटीतून, दाराखालून, बाथरूमच्या झरोक्यातून.

खोक्यावरचा आकडा आणि खोलीतला गारवा यांचं जमत नाही ते यामुळे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ मध्ये पोर्टेबल एसी मोजण्याची नवी पद्धत ठरवली. तिच्यात बाहेरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेची आणि तापलेल्या पाइपातून खोलीत येणाऱ्या उष्णतेची वजावट करतात. जुन्या मोजणीत १४,००० बीटीयू (गार करण्याची ताकद मोजायचं एकक) म्हणून विकलं जाणारं मशीन नव्या मोजणीत साधारण ८,००० ते १०,००० वर येतं. आपला एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. तेव्हा एक टनाच्या पोर्टेबलने एक टनाच्या स्प्लिटसारखं काम करावं, ही अपेक्षा पहिल्या दिवसापासूनच सोडलेली बरी. टेपने ही मूळ खोट जात नाही. वरून जी भर पडते ती कमी होते, आणि ती भर छोटी नसते.

आता फटींचे प्रकार. पाइप मशीनला जिथे जोडतो आणि खिडकीत बसवायच्या पॅनेलला (मशीनच्या खोक्यात येणारी भोकाची पट्टी) जिथे जोडतो, तिथे हवा दाबाखाली असते. तिथली फट गरम हवा सरळ खोलीत ओकते. सगळ्यात वाईट गळती हीच. दुसऱ्या नंबरला खिडकी: तिथे दाब उलटा असतो, बाहेरची तापलेली हवा आत खेचली जाते. तिसरी जागा म्हणजे मशीनच्या पुढच्या किंवा वरच्या बाजूची झाकणांची सांध. तिथून गार हवा सुटते खरी, पण सुटून जाते कुठे? खोलीतच. तिला सोडून द्या. पुष्कळ लोक नेमकी तिथेच टेप लावून दमतात.

गळती शोधणं

मशीन वीसेक मिनिटं पूर्ण थंडाव्यावर चालू द्या. छताचा पंखा बंद, दार लावलेलं, खिडकी रोज असते तशी.

पहिल्यांदा तळहात. पाइपाच्या दोन्ही टोकांभोवती हात हळूहळू फिरवा. गरम फुंकर लगेच कळते. हात थोडा ओला केला तर बारीक झोतही जाणवतो. पाइप स्वतः तापलेला असतो, त्यामुळे त्याचा गरमपणा आणि हवेचा झोत यांत गल्लत करू नका.

मग टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा, दोन बोटांत धरा आणि खिडकीच्या पॅनेलच्या कडांवरून फिरवा. पट्टी खोलीच्या दिशेने उडाली की तिथून बाहेरची हवा येते आहे. त्या जागी पेन्सिलने बारीक खूण करा, कारण मशीन बंद केल्यावर यातलं काहीच दिसत नाही. रात्री हेच काम टॉर्चने होतं: एकाने बाहेरून, गॅलरीतून, पॅनेलवर उजेड टाकायचा आणि दुसऱ्याने आतून अंधारात बघायचं. उजेडाची रेघ दिसली की फट सापडली. मात्र खिडकी गॅलरीत उघडत असेल तरच हे करा. ग्रिलवर चढून टॉर्च मारण्याइतकं हे काम महत्त्वाचं नाही.

उदबत्तीचा धूर सर्वात स्पष्ट दिसतो, खिडकीपाशी वापरायला हरकत नाही. मशीनजवळ मात्र आधी पाठीमागचं स्टिकर वाचा. त्यावर गॅसचं नाव असतं. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो चटकन पेटतो. आर-३२ सुद्धा ज्वलनशील आहे, जरा कमी. या दोन्हींपैकी काही लिहिलेलं असेल तर मशीनच्या आसपास उदबत्ती, काडी, लायटर काहीच नको, टिश्यूवर भागवा. युरोपात राहणाऱ्यांनी तर हे गृहीतच धरावं: तिथे १ जानेवारी २०२० पासून नव्या पोर्टेबल एसींमध्ये हवामानाला जास्त तापवणारे जुने गॅस वापरायला बंदी आहे, त्यामुळे दुकानातलं मशीन बहुधा आर-२९० चंच असतं.

कोणती टेप घ्यायची

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "एसीसाठी टेप द्या" म्हटलं की हातात पडेल ती टेप बरोबर असेलच असं नाही. पाइपाच्या तोंडाशी पन्नास अंशांच्या आसपास तापलेली, कधी दमट हवा असते. खिडकीवर दुपारचं ऊन असतं. या दोन्हींत गोंद मऊ होतो, सरकतो, आणि टेप काढताना गोंद मागे राहतो.

ब्राउन टेप, म्हणजे खोकी बंद करायची, या कामाला नाही. उन्हात तिचं प्लास्टिक तडकतं, तुकड्यातुकड्यांनी निघतं आणि खाली पिवळट चिकटा राहतो. वायरिंगची काळी पीव्हीसी टेपही नको, तिचा गोंद उष्णतेत पाझरून कडेने बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ तयार होते. चंदेरी कापडी डक्ट टेप नावावरून (डक्ट म्हणजे हवा नेणारी नळी) अगदी योग्य वाटते, पण तिचा रबरी गोंद उष्णतेत टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्टच्या जोडांवर वेगवेगळ्या टेपा आणि सीलंट तापवून-थंड करून तपासले, त्यात वाईट रीतीने सुटली ती हीच. सुटते तेव्हा कापड निघून येतं आणि गोंद प्लास्टिकवर तसाच राहतो.

ॲल्युमिनियम फॉइल टेप उष्णतेला उत्तम. पण ती कायमची लावायची वस्तू आहे. स्वतःचं मशीन असेल आणि पाइपाचा जोड पुन्हा उघडायचा नसेल तरच.

मग उरतं काय? चार गोष्टी.

सिलिकॉनची सेल्फ-फ्यूजिंग टेप. हिला गोंदच नसतो. ताणून गुंडाळली की ती स्वतःलाच चिकटते आणि काही तासांत एकजीव होते. शंभर अंशांच्या बरीच वर ती टिकते, त्यामुळे पाइपाच्या जोडाला हिच्यासारखी दुसरी नाही. काढताना ब्लेडने वरवर चीर द्यायची की सालीसारखी निघते, खाली काही राहत नाही. मर्यादा एकच: गोल वस्तूभोवतीच चालते, खिडकीच्या सपाट पॅनेलवर हिचा उपयोग शून्य.

एसीवाल्यांची पांढरी रॅपिंग टेप. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर गुंडाळलेली दिसते तीच. बिनगोंदाची, स्वस्त, कुठल्याही एसी स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. ती फक्त गुंडाळून धरते, हवाबंद करत नाही. पाइपावरचं इन्सुलेशन जागेवर ठेवायला मात्र छान.

गॅफर टेप. नाटकाच्या, शूटिंगच्या सेटवर वायरी जमिनीला चिकटवायला वापरतात ती कापडी, मॅट टेप. प्रयोग संपला की ओढून काढायची म्हणूनच ती बनवलेली असते. खिडकीच्या पॅनेलच्या कडांना ही माझी पहिली पसंती. दिसायला डक्ट टेपची बहीण, गोंद मात्र वेगळा, म्हणून पाकीट वाचून घ्या. मुंबईत बोरा बाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन.

निळी पेंटर टेप. अगदी हलकी पकड, पण पावडर कोटिंगच्या ॲल्युमिनियमवरून स्वच्छ निघते. तिच्यावर किती दिवसांत काढावी ते लिहिलेलं असतं, पुष्कळदा १४ दिवस. हा आकडा गंभीरपणे घ्या. "डाग ठेवत नाही" हे वाक्य त्या मुदतीपुरतंच खरं असतं, आणि थेट उन्हात ती मुदत आणखी कमी होते.

यांच्या जोडीला दोन बिनटेपेच्या वस्तू आणा: फोमची पट्टी, आणि पाइपावर गुंडाळायला उष्णता अडवणारी नायट्राइल रबरची काळी शीट, तीही एसीच्या दुकानात मिळते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, अशा ठिकाणी एका फेरीत बरंचसं होतं. फोम घेताना अंगठ्याने दाबून बघा, सोडल्यावर लगेच फुगून वर आला तरच घ्या.

पुसणं, सुकवणं, चाचणी

मशीन बंद करून प्लग काढा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. सगळ्या कडा आधी कोरड्या ब्रशने झाडा, खिडकीच्या ट्रॅकमध्ये धुळीचा थर असतोच. मग भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकवर लावू नका, चकाकी जाते आणि पृष्ठभाग विरघळतो.

गोंद असलेली टेप, मग ती कितीही भारी असो, आधी न दिसणाऱ्या जागी दोन बोटं लांब लावून चोवीस तास ठेवा. काढून बघा. डाग राहिला नाही तर पुढे जा. डिस्टेंपर किंवा ऑइलबाउंड रंगाच्या भिंतीवर मात्र चाचणीच्याही फंदात पडू नका, रंगाचा पापुद्रा टेपेबरोबर येतो आणि मालकाला तेवढंच दिसतं.

पाइपाचे जोड

सुरुवात इथून, कारण फरक इथेच सर्वात जास्त पडतो.

पाइप लांबीला जेवढा कमी ठेवता येईल तेवढा ठेवा. मशीन खिडकीजवळ सरकवा, पाइप दाबून आखूड करा, वळण एकच आणि मोठ्या गोलाईचं. बाहेर हवा जायला अडथळा झाला की आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्रत्येक सांधीतून जास्त हवा सुटते. म्हणजे टेप लावण्याआधीच पाइप सरळ करून गळती कमी होते. दुसरा पाइप जोडून लांबी वाढवायची कल्पना डोक्यात आली असेल तर ती सोडा.

पाइपाच्या टोकाला प्लास्टिकचा कॉलर असतो. तो पाइपावर आटे फिरवून बसतो, आणि त्याचं दुसरं तोंड मशीनच्या पाठीत खटकन अडकतं. आधी आटे शेवटपर्यंत फिरले आहेत ना ते बघा. पुष्कळदा अर्धेच फिरलेले असतात. मग सिलिकॉन टेप घ्या, एक इंच रुंदीची. संरक्षक प्लास्टिक सोलत जा, लांबी जवळपास दुप्पट होईपर्यंत ताणा आणि कॉलर व पाइप दोन्ही झाकले जातील अशी गुंडाळा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवा. सहा इंच व्यासाच्या पाइपाला एका फेऱ्याला ताणलेली जवळपास अर्धा मीटर, म्हणजे रोलमधली साधारण पाव मीटर टेप लागते, तो हिशोब धरून रोल आणा. शेवटचा फेरा न ताणता दाबून बसवा, नाहीतर टोक सुटतं. ही टेप हाताळताना बोटं कोरडी हवीत, धूळ किंवा तेल लागलं की ती स्वतःला चिकटत नाही.

कॉलर आणि मशीनची पाठ यांच्यातली फट वेगळी. ती सपाट भागाला लागून असते, तिथे सिलिकॉन टेप चालत नाही. कॉलर काढा, त्याच्या बसण्याच्या कडेला पातळ फोमची पट्टी लावा आणि पुन्हा बसवा. फोम दाबला जाऊन फट भरते. एवढं करूनही झोत लागत असेल तर बाहेरून गॅफर टेपचे छोटे तुकडे, एकमेकांवर थोडे चढवून. गोलाईवर एकच लांब तुकडा लावला तर सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती म्हणजे नवी फट.

पाइपाची पाठ

जोड बंद झाले तरी पाइप स्वतः रेडिएटरसारखा खोली तापवत राहतो. दीड मीटर लांब, सहा इंच जाड पाइपाचा पृष्ठभाग जवळपास पाऊण चौरस मीटर होतो. तो खोलीपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर ढोबळ हिशोबाने शंभर-सव्वाशे वॅट उष्णता खोलीत येते. नायट्राइल शीट पाइपाभोवती गुंडाळून तिच्यावर पांढरी रॅपिंग टेप आवळली की यातला बराच भाग थांबतो. आवळताना पाइप दबणार नाही एवढी काळजी घ्या. चंदेरी बबल शीटही चालते. बेडशीट, सतरंजी, जुना टॉवेल नको, तापलेल्या वस्तूवर कापडाचे थर गुंडाळून रात्रभर झोपणं शहाणपणाचं नाही.

खिडकी

खोक्यात येणारं सरकतं पॅनेल आपल्या स्लायडिंग खिडक्यांना क्वचितच नेमकं बसतं. खिडकीची उंची चार फूट, पॅनेल त्याहून आखूड, मग वरच्या मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचा बोळा. बोळा काढा. सनपॅक शीट (आतून पोकळ प्लास्टिकचा पातळ पत्रा) किंवा पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड त्या मापाने कापा, दोन मिलिमीटर जास्तच ठेवा म्हणजे तो दाबून बसेल. कडांना फोमची पट्टी लावा. पॅनेल आणि बोर्ड यांच्या सांध्यावर आतल्या बाजूने गॅफर टेप.

फ्रेमवर टेप थेट लावायची भीती वाटत असेल तर थराची युक्ती वापरा: आधी निळी पेंटर टेप फ्रेमवर, तिच्यावर गॅफर टेप, वरची टेप निळ्या पट्टीच्या बाहेर न जाऊ देता. काढताना दोन्ही एकत्र येतात. अर्थात मुदत निळ्या टेपचीच लागू होते, ती संपली की जोडी बदला.

आता जी फट जवळजवळ सगळे विसरतात ती. स्लायडिंग खिडकी पूर्ण बंद असते तेव्हा दोन काचांच्या मधल्या उभ्या पट्ट्या एकमेकांत अडकतात. पॅनेलसाठी एक काच वीतभर सरकवली की त्या सुटतात आणि दोन काचांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद उभी पोकळी तयार होते. पॅनेल कितीही नीट बसवा, बाहेरची हवा इथून आरामात येते. जाड फोमची पट्टी या पोकळीत वरून खाली दाबून भरा. टेप लागतच नाही, आणि खिडकी बंद करायची असेल तेव्हा पट्टी ओढून काढता येते.

तीन ट्रॅकची खिडकी असेल तर मच्छरदाणीचं दार पाइपाच्या तोंडासमोरून बाजूला सरकवा. धुळीने भरलेल्या जाळीतून गरम हवा बाहेर जाताना तिची वाट अडते. कबुतरांचा त्रास असेल तर बाहेर मोठ्या छिद्रांची तारेची जाळी लावा. ज्यांच्याकडे कबुतरांनी एकदा पाइपात काड्या नेऊन टाकल्या त्यांना हे सांगावं लागत नाही.

ट्रॅकच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. पावसाचं पाणी निघून जायला ती ठेवलेली असतात. त्यांच्यावर टेप नको.

जर्मनीत किंवा युरोपात इतरत्र आत झुकणाऱ्या खिडक्या असतात, तिथे हे पॅनेल कामाचं नाही. तिथे वेल्क्रोने फ्रेमला चिकटणारं, चेन असलेलं कापडी आवरण मिळतं. त्याच्या वेल्क्रोची पाठ मात्र चांगलीच घट्ट चिकटते, म्हणून भाड्याच्या घरात वर सांगितलेली चोवीस तासांची चाचणी तिथेही करा.

मशीनचं अंग

इथे हात आखडता ठेवा. पाठीच्या बाजूला, पाइपाच्या तोंडाजवळ, दोन प्लास्टिकचे भाग जिथे मिळतात तिथे कधी कधी गरम हवा सुटते. तळहाताला ती लागली तरच त्या रेषेवर गॅफर टेपची अरुंद पट्टी लावा. बाकी सांध्यांना काही करायचं नाही.

जाळीदार खिडक्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या जागा, एक सेंटिमीटरही झाकायच्या नाहीत. पाठीवर सहसा अशा दोन असतात, वरची गार कॉइलची आणि खालची गरम कॉइलची. खालून गरम वाटतं म्हणून तिच्यावर टेप लावली तर कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. फिल्टरचं झाकण, पाण्याचे ड्रेन प्लग, स्विचचं पॅनेल, सीरियल नंबरचं स्टिकर, हे सगळं उघडं हवं. स्क्रू उघडून आतून सील करायचा मोह होईल, पण वॉरंटी तिथेच संपते. भाड्याने आणलेल्या मशीनला तर टेप लावण्याआधी एकदा फोन करून विचारा.

दोन पाइपचं मशीन (गरम कॉइलसाठी एका पाइपाने बाहेरची हवा आत घेतं, दुसऱ्याने बाहेर टाकतं) असेल तर दोन्ही पाइपांचे जोड सारख्याच काळजीने बंद करा. आत येणाऱ्या पाइपात फट असेल तर मशीन खोलीतली गार हवा ओढतं आणि दोन पाइपचा फायदा हातचा जातो.

दार उघडी फट मागतं

आता मुद्दाम ठेवायची फट. एका पाइपचं मशीन जेवढी हवा बाहेर टाकतं तेवढी आत यायलाच हवी. खिडकी बंद केली, दाराखाली रबरी पट्टीही लावली, तर मशीन हवा ओढायला धडपडतं, बाहेरचा झोत मंदावतो आणि हवा तुम्ही न पाहिलेल्या ठिकाणाहून येऊ लागते. म्हणून ती कुठून यावी हे तुम्हीच ठरवा. हॉलकडच्या दाराखालची फट उघडी ठेवा. हॉलमधली हवा सावलीतली असते, गच्चीच्या बाजूने येणाऱ्या हवेपेक्षा कितीतरी बरी.

अटॅच्ड बाथरूम असेल तर त्याचं दार बंद आणि त्याच्या खाली मात्र पट्टी हवी. दोन कारणं. एक साधं: बाथरूमच्या जाळीखालचं पाणी सुकलेलं असेल तर एसी सुरू होताच गटाराचा वास बेडरूममध्ये येतो. एक तांब्या पाणी जाळीत ओतलं की थांबतो. दुसरं गंभीर: बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर. त्याच्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीतल्या ओढीने सरळ झोपायच्या जागी येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. पोर्टेबल एसी चालू असताना गॅस गीझर चालवू नका. आधी आंघोळ, मग बाथरूमची खिडकी उघडून थोडा वेळ, मग एसी. स्वयंपाकघर आणि बेडरूम एकच असलेल्या वन आरकेमध्ये शेगडीलाही हाच नियम.

पुन्हा तपासा

सगळं झालं की मशीन लावून वीस मिनिटांनी टिश्यूची पट्टी घेऊन तीच फेरी मारा. पेन्सिलच्या खुणांपाशी पट्टी स्थिर राहायला हवी. दाराखाली ती आत उडेल, ते योग्यच. खिडकीबाहेर हात पोचत असेल तर पाइपाच्या तोंडाचा झोत बघा, आधीपेक्षा कमी झाला असेल तर कुठेतरी जास्त बंद झालं आहे. थर्मामीटर पलंगाजवळ ठेवा, मशीनसमोर नाही.

पहिल्या आठवड्यात रोज एकदा टेपच्या कडा बोटाने चाचपा. कड उचलली गेली असेल तर पुन्हा दाबण्यात अर्थ नसतो, तिथे धूळ बसलेली असते. तो तुकडा काढून पुसून नवा लावा. प्लग आणि सॉकेटही हाताने बघा: गरम लागत असतील तर तो टेपचा विषय नाही, मशीन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काढताना

मृगाच्या सरी यायच्या आत खिडकीवरचं सगळं उतरवा. ओल्या फ्रेमवरची टेप आधी सुटते, मग पाणी तिच्यामागून आत येतं.

टेप सरळ वर ओढू नका. टोक मागे दुमडून पृष्ठभागाला लागूनच हळू ओढा. अडली तर हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, गोंद सैल होतो. ड्रायर लांबूनच धरा, प्लास्टिक वाकतं. तरीही चिकटा राहिलाच तर खोबरेल तेलाचा बोळा दहा मिनिटं ठेवा, कापडाने गोल चोळून काढा, मग साबणाच्या पाण्याने तेल पुसा. सुरी किंवा ब्लेड पावडर कोटिंगवर लावू नका.

मशीन साठवण्याआधी तळाचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढा आणि दोन-तीन तास नुसत्या पंख्यावर चालवून आतून वाळवा. पाइप झटकून सावलीत सुकवा. त्यातून दमट हवा गेलेली असते आणि ओला ठेवला तर पावसाळ्यात बुरशी धरते. नायट्राइलचं आवरण तसंच राहू द्या. पॅनेल, कापलेला बोर्ड आणि उरलेला सिलिकॉनचा रोल एका पिशवीत घालून ती पाइपालाच बांधा. फोमच्या पट्ट्या फेकून द्या, एका उन्हाळ्यात त्या दबून चपट्या होतात आणि पुढच्या मार्चमध्ये नव्या आणाव्याच लागतात.